५३ मिनिटं

पुणे,
शुक्रवार, २० जून २०२५

प्रिय मंदार,

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून बसून लिहितोय. आज तसाही घरीच आहे. दोन्ही पालख्या पुण्यात येताहेत, रस्ते बंद आहेत. त्यात सकाळी सहाला उठून एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, फायनलची सहावी मॅच बघितली, त्यामुळे कामात लक्ष लागत नाहीये. इंडियाना १०८, ओक्लाहोमा ९१. सात मॅचच्या सिरीजमध्ये तीन-तीन बरोबरी झाली.

तू विचारलंस, "केडी जाणार हे तर ठरलंच म्हणतात, मग तो जावा तरी कुठे?" केडी म्हणजे केविन ड्युरंट, तुमच्या फिनिक्सचा स्टार. आणि खाली लिहिलंस की ओजस त्याचा ३५ नंबरचा टीशर्ट कपाटात टाकून बसलाय. हे वाचून मला वाईट वाटलं. नऊ वर्षांच्या पोराला कोणी कसं समजवावं, की आपण ज्याच्यासाठी घसा फोडून ओरडतो तो माणूस एका कागदावरच्या सहीने दुसऱ्या गावचा होतो?

पण आधी आजची तारीख बघ. २० जून. बरोबर चार वर्षांपूर्वी, २०२१ ला, अशाच सकाळी आपण तुझ्या कोथरूडच्या घरी ब्रुकलिन-मिलवॉकीची सातवी मॅच बघत होतो. केडी तेव्हा ब्रुकलिनचा. तुझी आई पोहे देऊन गेली आणि ते तसेच गार झाले. त्या मॅचमधला एकच क्षण सगळे सांगतात: शेवटच्या सेकंदांत पी. जे. टकर अंगावर असताना ड्युरंट वळला, शॉट मारला, बॉल आत गेला, आणि बुटाचं टोक तीन पॉइंटच्या रेषेवर होतं म्हणून तिनाचे दोन झाले. १०९-१०९. मला मात्र त्याच्या पुढची पाच मिनिटं आठवतात. ओव्हरटाइममध्ये त्याला एकही पॉइंट करता आला नाही. शेवटचा शॉट रिंगला लागलासुद्धा नाही. त्याच्या हातून, ज्याच्या हाताला जगात तोड नाही! ब्रुकलिन १११-११५ हरलं.

त्या दिवशी त्याने ४८ पॉइंट केले होते आणि तो ५३ मिनिटं खेळला होता. म्हणजे पूर्ण मॅच अधिक पूर्ण ओव्हरटाइम. एक मिनिटसुद्धा बाकावर बसला नाही. त्याच्या टीममधल्या अर्विंगचा घोटा दुखावलेला, हार्डन मांडीमागचा स्नायू (हॅमस्ट्रिंग) धरून कसाबसा पळत होता. जो बॉल येईल तो याच्याच हातात. तो शेवटचा शॉट मी नंतर कितीतरी वेळा बघितला. हात एरवीसारखाच वर जातो, मनगट एरवीसारखंच वळतं, पण पाय जमिनीवरून सुटत नाहीत. शॉट हातातून येतो असं लोकांना वाटतं. तो पायातून येतो, हे तुला मी वेगळं सांगायला नको.

आणि मला आपली कॉलेजची सेमीफायनल आठवते. तुला कधी बोललो नाही, आज लिहितो. शेवटची चार मिनिटं राहिली होती, तुझ्या पोटरीत गोळा आला होता, तू वाकून गुडघ्यांवर हात टेकले होते. मला ते दिसत होतं. तरी मी तुलाच पास देत राहिलो, कारण दुसऱ्या कोणावर माझा भरवसा नव्हता. दमलेला फॉरवर्ड पास नको म्हणत नाही. तूही म्हणाला नाहीस. तीन शॉट आखूड पडले आणि हरल्याचं खापर तुझ्यावर फुटलं. चूक पास देणाऱ्याची होती.

म्हणून केडीच्या बाबतीत मी "कोणत्या टीमकडे जास्त स्टार आहेत" असं बघतच नाही. मी एवढंच बघतो, की कुठे त्याला ५३ मिनिटं खेळावं लागणार नाही. २९ सप्टेंबरला तो ३७ चा होईल. २०१९ च्या फायनलमध्ये त्याची टाचेमागची अकिलीस टेंडन तुटली. महिनाभर आधी पोटरी दुखावली होती, परत आला, १२ मिनिटांत ११ पॉइंट केले आणि खाली बसला. आज सकाळी इंडियानाचा हॅलिबर्टन दुखावलेली पोटरी बांधून खेळताना बघून माझ्या पोटात सारखं कालवत होतं. या वर्षी लिलार्डची अकिलीस गेली, बॉस्टनच्या टेटमची गेली. केडी त्यातून उठला आणि छत्तिसाव्या वर्षी मॅचमागे साडेसव्वीस पॉइंट करतोय, हे मला अजूनही अद्भुत वाटतं. पण तुमच्याकडे त्यासाठी तो मॅचमागे साडेछत्तीस मिनिटं राबला, आणि हाती काय आलं? ३६ विजय, ४६ पराभव, प्लेऑफही (मोसमानंतरची बाद फेरी) नाही.

तुझा राग मला कळतो. २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला आणायला फिनिक्सने मिकाल ब्रिजेस दिला, कॅम जॉन्सन दिला, क्राउडर दिला, वर चार फर्स्ट राउंड पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत नवे खेळाडू निवडायचे हक्क. तू तेव्हा रात्री मला उठवून सांगितलं होतंस. आता मिळणार त्याच्या निम्म्यानेही नाही. एक तर तो अडीच वर्षांनी मोठा झालाय. दुसरं, करार एकाच वर्षाचा उरलाय, ५ कोटी ४७ लाख डॉलरचा. ट्रेड, म्हणजे टीम-टीममधली अदलाबदल, नाकारायचा हक्क त्याच्याकडे नाही, तो तुमच्या ब्रॅडली बीलकडे आहे. पण जिथे केडीचं मन नाही आणि तो करार वाढवणार नाही, तिथलं कोण एका वर्षासाठी घर विकून किंमत देईल? त्यामुळे हक्क नसूनही त्याच्या शब्दाला वजन आहे. आणि त्याच्या पसंतीची म्हणून तीन नावं छापून येताहेत: मायामी, सॅन अँटोनियो, ह्यूस्टन.

मिनेसोटाचं तू सुचवलंस. तिथला अँथनी एडवर्ड्स लहानपणापासून केडीचा भक्त आहे, गेल्या वर्षी तुम्हाला ४-० ने धुतल्यावरही तो केडीबद्दल आदरानेच बोलत होता. खेळाच्या दृष्टीने वाईट नाही. पण पगाराचा हिशोब तिथे बसवणं महाकठीण. तुमची टीम सेकंड एप्रनच्या, म्हणजे लीगने घातलेल्या पगाराच्या एका मर्यादेच्या, वर गेलेली, म्हणजे दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून देता येत नाहीत आणि दिल्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही. मिनेसोटाही त्याच उंबरठ्यावर. दोन बांधलेली माणसं एकमेकांच्या गाठी सोडवायला बसली तर कसं व्हायचं? शिवाय त्याला तिथे जायची इच्छा नाही असंच ऐकतोय.

मायामी मला नको वाटतं. स्पोल्स्ट्रा उत्तम कोच आहे, ॲडेबायोसारखा मेहनती माणूस शेजारी मिळेल. टेटम पडल्यामुळे बॉस्टन मागे सरकणार, त्यामुळे पूर्वेकडची वाट मोकळी आहे, हे सगळं मान्य. पण याच एप्रिलमध्ये क्लीव्हलंडने त्यांना चार मॅचमध्ये मिळून १२२ पॉइंटने हरवलं. प्लेऑफच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी सिरीज हरलेलं नाही. केडीला मिळवायला त्यांना आहेत ती दोन-तीन चांगली माणसंही द्यावी लागतील. मग उरेल काय? ॲडेबायो, समुद्र, आणि प्रत्येक बॉल केडीच्या हातात.

सॅन अँटोनियोचं नाव निघालं की माझं मन हलतं, खोटं कशाला बोलू. पॅरिस ऑलिम्पिकची फायनल आठव. सॅन अँटोनियोच्या वेंबान्यामाने फ्रान्सकडून २६ पॉइंट केले आणि केडी समोरच्या टीममध्ये होता, चौथं सुवर्ण घेऊन गेला. ती दोन लांबलचक माणसं एका रंगाच्या कपड्यात खेळताहेत हे चित्र कोणाला नको? त्यात केडी कॉलेजचं एक वर्ष ऑस्टिनला खेळलेला, आणि ऑस्टिन तिथून आपल्या पुणे-साताऱ्याच्या अंतरावर. पण नीट विचार केला तर वेळ जुळत नाही. वेंबी २१ वर्षांचा, फेब्रुवारीत खांद्यात रक्ताची गुठळी झाली म्हणून त्याचा मोसमच थांबला. त्यांचा तरुण खेळाडू कॅसल अजून शिकतोय. बुधवारी ड्राफ्टमध्ये दुसऱ्या नंबरचा आणखी एक पोरगा येईल. पॉपोविचने गेल्या महिन्यात कोचिंग सोडलं. ते घर नव्याने बांधलं जातंय. ते पुरं होईपर्यंत केडी चाळिशीला टेकेल. आणि तोवर पोरं चुकली की बॉल कोणाकडे जाणार? पुन्हा त्याच्याचकडे.

म्हणून मी ह्यूस्टन म्हणतो.

या वर्षी त्यांनी ५२ मॅच जिंकल्या, पश्चिमेत दुसरे आले. कोणी मोठा स्टार नसताना. डिफेन्स जीव तोडून करतात, आणि चुकलेल्या शॉटवर तुटून पडतात. समोरच्या बोर्डाखाली एवढे रिबाउंड दुसरं कोणीच काढत नाही. आमेन थॉम्पसन २२ वर्षांचा आहे आणि पहिल्या ऑल-डिफेन्सिव्ह टीममध्ये, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम डिफेन्स करणाऱ्यांच्या यादीत, आलाय. समोरच्या सगळ्यात धोकादायक माणसाला तो अंगावर घेईल, केडीला त्याच्यामागे पळावं लागणार नाही. बाहेरचा दरवाजा थॉम्पसन सांभाळेल, आतला शेंगुन आणि स्टीव्हन ॲडम्स. ॲडम्स तर त्याचा ओक्लाहोमाचा जुना सोबती. अशा घरात केडीला येऊन जड सामान उचलायचंच नाहीये.

मग त्यांना तो हवा कशाला? गोल्डन स्टेटविरुद्धची त्यांची सातवी मॅच तू बघितलीस ना? घरच्या कोर्टवर ८९-१०३ हरले. डिफेन्सला नाव ठेवायला जागा नव्हती, पण बॉल आत जाईना. जेलन ग्रीनने सिरीजमधल्या दुसऱ्या मॅचमध्ये ३८ पॉइंट केले आणि बाकीच्या सहापैकी एकाही मॅचमध्ये बाराच्या वर गेला नाही. २३ वर्षांचा मुलगा आहे, शिकेल. पण शेवटच्या पाच मिनिटांत, आखलेल्या सगळ्या चाली मोडून पडल्यावर, उजव्या बाजूला फ्री-थ्रो रेषेच्या टोकाशी बॉल घेऊन एक ड्रिबल, एक पाऊल मागे, आणि समोरच्याचा हात कोपरापर्यंतच पोचतोय तेवढ्यात शॉट, हे काम करणारं त्यांच्याकडे कोणीच नाही. आणि या एका कामात केडीइतका कोणीच पारंगत नाही. त्यांना नेमकी पाच मिनिटं कमी पडताहेत, आणि याच्याकडे नेमकी तीच शिल्लक आहेत.

आणखी एक गोष्ट, जी मला कालपर्यंत सुचली नव्हती. ह्यूस्टनचा कोच इमे उदोका २०२०-२१ मध्ये ब्रुकलिनचा असिस्टंट कोच होता. म्हणजे त्या ५३ मिनिटांच्या रात्री तो त्याच बाकावर बसलेला होता. ते जमिनीवरून न सुटणारे पाय त्याने दहा फुटांवरून बघितलेत. उदोका खेळाडूंना घासून घेतो, हे मला माहितेय, आणि माझी एकमेव भीती तीच आहे. पण ती रात्र बघितलेला माणूस तीच चूक पुन्हा करणार नाही असं मला वाटतं. मी आपल्या सेमीफायनलनंतर कोणाला तसे पास दिले नाहीत.

राहिला तुमचा फायदा. पगार जुळवायचे तर ह्यूस्टनकडून दोघं घ्यावे लागतील: ग्रीनचा नवा करार पुढच्या मोसमापासून साधारण ३ कोटी ३३ लाखांचा, आणि डिलन ब्रूक्सचे २ कोटी ११ लाख. बेरीज केडीच्या आकड्याला अगदी लागून येते. हे आकडे पुढच्या मोसमाचे, त्यामुळे बोलणं आत्ता झालं तरी सह्या जुलैत होतील. ब्रूक्स तुला आवडत नाही, पण तुमच्या टीममध्ये भांडून डिफेन्स करणारा एक तरी माणूस हवाच आहे. आणि पिक? मंदार, गंमत नाही, मला खरंच चटका लागतो हे लिहिताना. बुधवारच्या ड्राफ्टमधला दहावा नंबर ह्यूस्टनकडे आहे, आणि तो मुळात फिनिक्सचाच. केडीसाठी तुम्ही ब्रुकलिनला दिलात, ब्रुकलिनने ह्यूस्टनला दिला. तुम्ही यंदा इतके हरलात म्हणून तो दहावा झाला. आता तुमचाच माणूस देऊन तुमचाच पिक सोडवून आणायचा. गहाण टाकलेली पाटली सोडवायला मंगळसूत्र मोडावं तसं. तरी मी म्हणेन, आणा. तो पिक मागितल्याशिवाय सही करू नका. ओक्लाहोमा आज फायनलमध्ये का आहे बघ. केडी २०१६ ला गेला तेव्हा त्यांना बदल्यात काहीच मिळालं नव्हतं. २०१९ ला पॉल जॉर्ज गेला तेव्हा त्यांनी शे गिलजस अलेक्झांडर घेतला आणि पिकचा ढीग घेतला. त्यातल्याच एका पिकमधून जेलन विल्यम्स आला. आणि इंडियानाचा सियाकम? दीड वर्षापूर्वी टोरोंटोने सोडला तेव्हा तो २९ चा होता. त्याला आधीच वेगाने धावणारी टीम मिळाली, त्याने फक्त त्यांच्याबरोबर धावायचं होतं. आज सकाळी तो कसा पळत होता, बघितलंस ना?

ओजसला सांग, टीशर्ट कपाटातून काढ. तो टीशर्ट घालून बघितलेल्या मॅच काही ट्रेडमध्ये जात नाहीत. माझ्याकडे अजून तुझा कॉलेजचा ११ नंबर आहे, खांद्याजवळ उसवलेला. गेल्या महिन्यात माळा आवरताना सापडला, ठेवून दिला.

सोमवारी पहाटे साडेपाचला सातवी मॅच, म्हणजे तुझ्याकडे रविवारी संध्याकाळी पाच. सव्वापाचला फोन लावतो. हॅलिबर्टन वॉर्मअपला कसा पळतोय ते आधी बघू. तो पाय ओढत असेल तर देव करो आणि कोच त्याला बसवो.

वहिनींना नमस्कार, ओजसला पापा.

तुझा,
अभय