प्रश्न मराठीत विचारता, मग उत्तरही मराठीत सांगा

संपादक महोदय,

सदाशिव पेठेत माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं छोटं दुकान आहे. मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द, या टायपिंगच्या दोन्ही परीक्षा मी खडखडणाऱ्या मशीनवर दिल्या. पुढे संगणकावर श्रीलिपीचे फॉन्ट आले, मग कुठल्याही संगणकावर वाचता येणारं युनिकोड. इतक्या वर्षांत पीएचडीचे किती प्रबंध हाताखालून गेले ते मोजलं नाही. डाळिंबावरचा तेल्या, तमाशातला सोंगाड्या, कौटुंबिक न्यायालयातली पोटगी, मुठेतले मासे, विषय कुठलाही असो, शेवटी काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं आणि पाच प्रती. सबमिशन उद्यावर आलेलं असतं, गाइड फोन उचलत नसतात आणि पोरगी समोर स्टुलावर बसून चहा गार करत असते. या मुलांची तक्रार करायला मी हे पत्र लिहीत नाही.

इंग्रजी प्रबंधात मराठी कुठे सापडते, सांगू? अगदी शेवटी, परिशिष्टात. तिथे प्रश्नावली असते. ‘आपण किती घरी काम करता? आठवड्याची सुट्टी मिळते का?’ माणसांना विचारायचं तर त्यांच्याच भाषेत विचारावं लागतं, म्हणून तेवढी चार पानं मराठीत. उत्तरं हातात पडली की पुढचा सगळा कारभार इंग्रजीत.

माझ्या दुकानात झाडायला येणाऱ्या मावशी पर्वतीच्या पायथ्याला राहतात. घरकाम करणाऱ्या बायकांवरच्या एका प्रबंधासाठी त्यांची मुलाखत झाली होती. तो प्रबंध योगायोगाने माझ्याकडेच आला. नाव कुठेच नव्हतं, नुसता क्रमांक, आणि ते बरोबरच आहे. पण एका उताऱ्याशी माझी बोटं थांबली. ‘माझा कप वेगळा ठेवतात, आणि सगळ्यांचे कप मीच घासते’, हे वाक्य मावशींनी मला दहादा ऐकवलंय. प्रबंधात त्याचं इंग्रजी झालं होतं, वर ‘डिस्क्रिमिनेशन’ असा मथळा आणि खाली टक्केवारीचा तक्ता. ते वाक्य कुणाचं, हे मी कुणाला बोलले नाही. मावशींनीच एकदा केर काढता काढता विचारलं, “त्या पोरीनं मला दोन तास बसवून घेतलं होतं. काय निघालं गं त्यातनं?” मला धड सांगता आलं नाही. टाइप सगळं केलं होतं, पण तिसऱ्या प्रकरणातली संख्याशास्त्राची भाषा मावशींना कशी सांगायची ते मला येईना.

दुसरी गोष्ट माझ्या माहेरची, इंदापूर तालुक्यातली. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, वर्षानुवर्षं ऊस, आणि आता रानाच्या खालच्या अंगाला क्षारांचा पांढरा थर. भावाच्या शेतातली माती गावातलाच एक विद्यार्थी पिशव्यांत भरून घेऊन गेला, वर गट नंबर लिहून. ओळखीने त्याचा प्रबंध माझ्याकडे टायपिंगला आला. इकडे भाऊ दर दिवाळीला विचारायचा, “माती नेली, तिचं पुढं काय झालं? जिप्सम टाकू का नको?” त्याचं उत्तर पाचव्या प्रकरणातल्या तक्त्यात होतं. जमीन नुसती खारवट असेल तर चर काढून पाण्याचा निचरा करायचा आणि गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे, तिथे जिप्सम या भूसुधारकावर पैसे घालण्यात अर्थ नाही. चोपण असेल, म्हणजे सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि मातीत सोडियम साचलेलं, तर जिप्सम कामाचं. भावाच्या मातीची क्षारता चारच्या वर, म्हणजे जास्त होती आणि सामू आठच्या आसपास. म्हणजे खारवट. हे मी त्या मुलाला विचारून भावाला फोनवर सांगितलं, तोवर दोन ट्रॉल्या जिप्सम रानात पडलं होतं. मुलगा बिचारा वरमला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे गावात जाऊन सांगायचं असतं.

पुण्यात असं नेहमीच होत आलंय असं नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांनी डॉक्टरेट बर्लिनला केली, डेक्कन कॉलेजातलं संशोधन इंग्रजीत लिहिलं, आणि तरी मराठी वाचकासाठी मराठीत लिहीत राहिल्या. हेमा रायरकर आणि गी प्वातवाँ या संशोधकांनी पुण्यात राहून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या आज गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट वाचायला, ऐकायला मिळतात.

म्हणून विद्यापीठांच्या संशोधन विभागांना माझी विनंती आहे. प्रत्येक प्रबंधाला, तो रसायनशास्त्रातला असला तरी, चार पानांचा मराठी गोषवारा सक्तीचा करा. कुणाला विचारलं, काय आढळलं, त्याचा त्यांना काय उपयोग, एवढंच. तो मागे परिशिष्टात न ढकलता पुढे लावा, आणि जिथली माणसं किंवा माती तपासली तिथल्या ग्रामपंचायतीत, शाळेत नाहीतर वस्तीतल्या वाचनालयात त्याची एक प्रत द्या. आणि तो युनिकोडमध्येच असू दे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध चढतात हे चांगलंच, पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी पीडीएफमध्ये दिसते छान, शोधायला गेलं की हाती अगम्य चिन्हं लागतात. (ती मराठी उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाही. प्रबंधाचं इतरांच्या लेखनाशी १० टक्क्यांच्या वर साम्य नको हा नियम २०१८चा. “ताई, पर्सेंटेज खाली आणून द्याल का?” असं विचारणाऱ्यांना मी दुकानाबाहेरचा रस्ता दाखवते.)

कुणी म्हणेल, मुलांवर आधीच ओझं आहे. आहेच. फेलोशिपचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून उपोषणाला बसलेली मुलं याच शहरात पाहिली आहेत. पण ओझं पानांचं म्हणाल, तर जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी मिळवली तो प्रबंध अवघा ४० पानांचा होता. माझ्याकडे तेवढी पानं नुसत्या ऋणनिर्देशाची आणि तक्त्यांच्या यादीची येतात. त्यातली चार कमी करा.

या चार पानांच्या टायपिंगचे पैसे मी घेणार नाही. बाइंडिंगचे मात्र घेईन, रेक्झिन महाग झालंय.

– एक टंकलेखिका, सदाशिव पेठ, पुणे ३०