संमतीपत्रात ऑपरेशनचा अर्थही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शस्त्रक्रियेपूर्वी बडोद्यातल्या इस्पितळांत ज्या संमतीपत्रावर सही घेतात, त्याबद्दल लिहिते आहे. नोकरीची सगळी वर्षे मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते. बाकीचा फॉर्म गुजरातीत छापलेला असला, तरी ऑपरेशनच्या नावाची ओळ पेनने इंग्रजीत, तीही तोडून लिहिलेली असते.

आमच्या शेजारची सून सांगलीकडची, तिला गुजराती लिपी येत नाही. एका खासगी इस्पितळातून तिने फॉर्म आणला. त्यावर होते, 'डायग्नोस्टिक लॅपरोस्कोपी, एसओएस लॅपरोटमी'. मला विचारते, "मावशी, दुर्बिणीचंच आहे ना?" पहिले दुर्बिणीचे, बारीक भोकांतून पोटात बघायचे. दुसरे म्हणजे चीर देऊन पोट उघडणे. 'एसओएस' म्हणजे गरज पडली तर. ती गरज कोणती, कोण ठरवणार, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

असाच प्रश्न समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. तपासणीच्या लॅपरोस्कोपीला रुग्णाने होकार दिला होता. ती भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. 2008 च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि जिवावर बेतलेले नसेल तर सज्ञान रुग्णाच्या वतीने दुसऱ्याने होकार देऊन चालणार नाही.

नावातली मधली दोन अक्षरे बदलली की सगळे बदलते. कोलेक्टमीत मोठे आतडे किंवा त्याचा भाग काढतात. कोलोस्टमीत आतड्याचे तोंड पोटावर आणतात आणि तिथे शौचाची पिशवी लावावी लागते. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच. नुसते मराठीत सांगूनही भागत नाही. 'पिशवीचं ऑपरेशन' म्हटले की बायकांना गर्भाशय वाटते, सर्जनच्या मनात पित्ताशय असते, आणि ही तिसरी पिशवी कोणाच्या ध्यानीमनीही नसते. अवयवाचे पूर्ण नाव लिहायलाच हवे.

थिएटरच्या आतली भाषा बदला, असे मी म्हणत नाही. ॲलिस आणि बॅबकॉक हे दोन्ही अवयव धरायचे चिमटे; ॲलिसच्या टोकाला दात असतात, बॅबकॉकला नसतात, म्हणून आतडे धरायला बॅबकॉकच द्यायचा. तिथे नुसता 'चिमटा' मागून चालायचे नाही. सुश्रुतसंहितेतही 101 यंत्रे (म्हणजे बोथट अवजारे) आणि 20 शस्त्रे (धारदार) सांगितली आहेत, आणि सिंहमुख, कंकमुख अशी यंत्रांची नावे तोंडाच्या आकारावरून आहेत. शस्त्रकर्माचे आठ प्रकार वेगळे केले आहेत, त्यात छेद्य म्हणजे कापून काढणे आणि भेद्य म्हणजे फोडून उघडणे. नेमका हाच फरक आज फॉर्मवर सही करणाऱ्याला कळत नाही. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 साली, राज्यकारभाराच्या इंग्रजी शब्दांना गुजराती-मराठीसह अनेक भाषांतले पर्याय देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला, तिथे हे अवघड का असावे?

वेळ नसतो, असे डॉक्टर म्हणतात. तातडीच्या केसमध्ये ते खरेही आहे, मी ती धावपळ पाहिली आहे. पण हर्नियाची नाहीतर पित्ताशयाची तारीख आठ-आठ दिवस आधी ठरते.

आपल्या दैनिकाने ही मागणी इस्पितळांपर्यंत पोचवावी. ऑपरेशनच्या नावाखाली गुजराती आणि मराठीत दोन रकाने छापावेत. एकात अवयव कोणता ते. दुसऱ्यात त्याचे काय करणार ते: बघणार, उघडणार, दुरुस्त करणार की काढणार, आणि काढणार तर सगळा की काही भाग. 'गरज पडल्यास' लिहिले असेल, तर ती गरज कोणती हेही तिथेच लिहावे, आणि रुग्णाला वाचून दाखवल्यावरच सही घ्यावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
दांडिया बाजार, वडोदरा