कामगाराला त्याच्या हक्काची माहिती द्या

संपादक महोदय,

2019 च्या वाहन उद्योगातील मंदीत भोसरीतल्या आमच्या कारखान्यात आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग तिसरी पाळी. दिवाळीच्या तोंडावर मला सांगितले, ‘उद्यापासून येऊ नका.’ बायकोने तूरडाळीच्या डब्यात जपलेले भिशीचे पैसे काढले. नोटांना डाळीची पूड लागलेली. त्यातून मुलीची फी भरली, घराचा हप्ता मात्र थकला.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाची ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ 2018 पासूनच होती. काम गेल्यावर 90 दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईचा चौथा हिस्सा मिळत असे. 2020 मध्ये तो वाढून कमाईच्या निम्मा झाला. माझ्या पगारातून दरमहा विम्याची कपात होई, पण हे मला कोणीच सांगितले नाही. प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ही माहिती मराठीत लावा, एवढीच कळकळीची विनंती.

– एक सीएनसी ऑपरेटर, भोसरी