लेथवर हातमोजे नकोत

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला घरच्या घरी लाकडी टेबललॅम्प करण्याविषयीचा लेख आवडला. फोटो पाहिला आणि हातातला चहा मात्र खाली ठेवावा लागला. लेथवर (वस्तू गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर) लाकूड फिरतंय, आणि कारागिराच्या दोन्ही हातांत सुती हातमोजे! वर पूर्ण बाह्यांचा ढगळ झब्बा.

मी आयटीआयमध्ये ३१ वर्षं टर्नर ट्रेडचा निदेशक होतो. नव्या पोरांना मशीन दाखवण्याआधी बाह्या कोपराच्या वर दुमडायला लावायचो, घड्याळ आणि गंडेदोरे काढायला लावायचो. "सर, आईनं बांधलाय," असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचंच. मी म्हणायचो, "मग आईला विचारून ये, तोवर बाहेर थांब."

हिशेब साधा आहे. १०० मिमी व्यासाचं लाकूड मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सोळा-सतरा फेरे झाले. दचकून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात चार फेरे होतात, म्हणजे सव्वा मीटर कापड ओढलं जातं. मोज्यात एवढं कापड नसतं, त्यामागून हातच जातो. उघड्या बोटाला खरचटेल, फार तर साल निघेल. मोजा मात्र बोट सोडत नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकाला मास्क हवाच. पॉलिश पेपर मारताना टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) काढून ठेवायचा आणि कागद बोटांना गुंडाळायचा नाही. यातलं एक अक्षर लेखात नाही.

निवृत्तीनंतर मीही असा दिवा केला. आयुष्य लोखंडावर गेलं, त्यामुळे लाकूड म्हणजे लोण्यासारखं असणार असा माझा समज. पाडलेल्या वाड्याचा सागवानी वासा मिळाला. कोरडा ठणठणीत, त्यामुळे चिरण्याची भीती नव्हती (ओलं लाकूड घेतलंत तर दिवा महिन्याभरात तडकेल). पण आत मोडक्या खिळ्याचं टोक राहिलं होतं. नवी धार लावलेली गोल पटाशी पहिल्याच दिवशी तुटकी झाली. आता जुन्या लाकडावरून आधी लोहचुंबक फिरवतो.

दुसरी चूक भोकाची. आधी सुरेख कंबर काढली, वर कळस काढला, आणि मग तारेसाठी वरून लांब बरमा घातला. बरमा सरळ जात नाही, लाकडाच्या शिरांच्या कलानं सरकतो. चौदा इंचांच्या खांबात तो नेमका कंबरेतून बाहेर आला. सौ. म्हणाल्या, "छान झालंय, उदबत्ती लावायला होईल." सध्या त्यात उदबत्तीच असते. दुसऱ्या वेळी आधी चौकोनी ठोकळ्याला दोन्ही बाजूंनी निम्मं निम्मं भोक पाडलं, ती भोकंच लेथच्या दोन्ही सेंटरांवर (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या अणकुच्यांवर) धरली आणि मग लाकूड कातलं. भोक आपोआप मधोमध राहिलं. तुमच्या लेखात "शेवटी तारेसाठी छिद्र पाडा" असं एका ओळीत उरकलंय. वाचकांचं बरंच लाकूड वाया जाणार.

पितळी होल्डर लावायचा असेल तर तीन तारांची वायर आणि तीन पिनांचाच प्लग घ्या, अर्थिंगची तार होल्डरच्या धातूला जोडा. लेखातल्या चित्रात दोनच तारा आहेत.

एक तक्रार शब्दाचीही. लेखभर 'वुडटर्नर' लिहिलंय. आपल्याकडे या माणसाला कातारी म्हणतात. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर त्यांनीच केले. देखण्या चेहऱ्याला आपण कातीव म्हणतो, ते याच कामावरून. कर्नाटकात चन्नपट्टणला रंग देतानाही लेथ बंद करत नाहीत. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते, मग केवड्याच्या पानानं घासून चकाकी आणतात. मी ते घरी करून पाहिलं, लाखेचे डाग शर्टावरच जास्त बसले.

पुढच्या रविवारी शेडचा भाग आहे असं छापलंय. कागदी शेड सांगणार असाल तर आत एलईडी बल्बच लावायला सांगा, जुना ६० वॉटचा नको. आणि फोटोतल्या कारागिराला बाह्या दुमडायला सांगा.

आपला,
एक निवृत्त निदेशक, सातारा