माटोळी बांधणारा मुलगा

महोदय,

माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलाला कवंडळ, कांगलां ही रानफळे कुठल्या रानात, कोणत्या चढणीवर मिळतात हे अचूक ठाऊक असते. गणेश चवथीला वाड्यावरच्या निम्म्या घरांची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची चौकट, तोच बांधतो. जीवशास्त्राच्या पेपरात मात्र जेमतेम उत्तीर्ण! पालकसभेत त्याच्या आईने खाली मान घालून विचारले, "बाई, ह्याचे पुढे कसे होणार?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ साली बुद्धिमत्तेचे सात प्रकार मांडले, पुढे त्यांत निसर्गविषयक बुद्धिमत्तेची भर घातली. या सिद्धांतावर मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, हे मान्य. पण तेरा-चौदाव्या वर्षी मूल कशात रमते, हे तरी आपण पाहतो का? आरतीला घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवणाऱ्या मुलीचा लयीचा कान शाळेच्या प्रगतिपुस्तकात कुठेच दिसत नाही. खरे तर तिला अपूर्णांक घुमटाच्या मात्रांवरून शिकवता येतील. मी तसे केले, तेव्हा ती पहिल्यांदा फळ्यापाशी आली.

दहावीनंतरची शाखा केवळ टक्क्यांवर ठरवण्याआधी शाळांनी पालकांसमोर मुलांच्या या आवडींची नोंद ठेवावी, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, सत्तरी, गोवा