आई, पोळ्यांना बाई ठरवलीय

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई "बरं बरं, तू जेवलीस का" म्हणून विषय संपवते, म्हणून लिहितेय. रागावू नका, सोमवारपासून पोळी-भाजीला बाई येणार, बोलणं झालंय, पैसे मी देतेय. तुझ्या हातची चव येणार नाही मान्य, पण मे महिन्यात परळच्या त्या एवढ्याशा किचनमध्ये गॅससमोर उभी राहतेस आणि दुपारी मायग्रेनने डोकं धरून बसतेस, ते आता बघवत नाही गं. आमटीची फोडणी तुझीच, झालं?

त्या वेळात आडवी पडायचं. पायाची बोटं पाच सेकंद घट्ट आवळायची आणि सोडून द्यायची, मग पोटऱ्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा, श्वास सावकाश. 1920 च्या दशकात जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने काढलेली पद्धत आहे, मायग्रेनला आजही सांगतात. पण हे डोकं दुखत नसताना रोज करायचं, दुखल्यावर आठवून उपयोग नाही.

बाबा, लहानपणी तुम्ही डोकं चेपून दिलंत की मी दोन मिनिटांत झोपायचे, त्या हातांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. फक्त आईचं डोकं उठलेलं असताना दाबू नका. तेव्हा बऱ्याच जणांची कातडी इतकी हुळहुळी होते की कंगवासुद्धा सहन होत नाही, आणि ती काय, तुमचं मन राखायला गप्प बसणार. बामचा उग्र वासही नको. खिडकी बंद, पंखा चालू, टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ कपाळावर, बस. मालिश बऱ्या दिवशी करा, मान आणि खांदे, हलक्या हाताने. सलूनवाला मान कडकन मोडतो तसलं बिलकुल नाही, क्वचित मानेतली रक्तवाहिनी फाटते त्याने. तुम्हीही मोडून घेऊ नका.

डॉक्टरांची रोजची गोळी चालूच ठेवायची, मालिश तिच्या जागी नाही. पण ती पर्समधली साधी पेनकिलर कॅलेंडरवर लिहीत जा, महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, असं तीन महिने चाललं की तिच्यामुळेच डोकं दुखायला लागतं. आणि कधी एकदम भयंकर दुखलं, बोलणं अडखळलं, हात लुळा पडला तर मला फोन नंतर, आधी हॉस्पिटल.

आई, संकष्टीला चंद्र दिसेपर्यंत रिकाम्या पोटी बसायचं नाही. बाप्पाने विचारलं तर माझं नाव सांग.

तुमची,
मनू