यंदाच्या आगोटीच्या यादीबद्दल

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार,

आई, तू फोनवर विचारलंस, "ह्यांना आता काय घालू नि काय नको?" ते बोलण्यात राहून जाईल, म्हणून लिहून पाठवते आहे. पावसाळा तोंडावर आलाय, तुझी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, यादीही तयार असेल. सुरुवात तिथूनच करू.

बाबा, स्टेंटने, म्हणजे आत बसवलेल्या बारीक जाळीने, हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली. पण हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूचा जो भाग दुखावला, तो भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं आणि ते जादा पाणी ढकलायचं काम त्याच थकलेल्या हृदयावर पडतं. म्हणून मला सगळ्यात जास्त काळजी आपल्या घरातल्या मिठाची आहे.

दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि यात सगळं आलं. आई, रोज सकाळी दोघांचं मिळून दीड चमचा मीठ वेगळ्या वाटीत काढ. उरलेला अर्धा चमचा पाव, बिस्किटांतून न कळत पोटात जातोच. वाटी संपली की त्या दिवसाचं मीठ संपलं. भातात आणि भाकरीच्या पिठात मीठ नको. आमटीत ते गॅस बंद करताना घाल, कमी पुरतं. तीन-चार आठवडे सगळं अळणी लागेल, मग जीभ सरावते. सैंधव चालेल का म्हणशील, तर तेही मीठच. 'लो सोडियम' मिठाची पुडी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीने ते आधीच वाढू शकतं.

आता यादी. खारा बांगडा खोडून टाक. मिठात मुरलेला मासा कितीही भिजवला तरी सगळं मीठ सुटत नाही. सोडे, बोंबील नुसते उन्हात वाळवलेले असले तरी पाणी उडून मासळीतलं मीठ आटून बसतं, म्हणून तेही बाबांच्या ताटात नकोत. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातही मिठासारखंच सोडियम. पापड भाजला की तेल वाचतं, खार तसाच राहतो. सांडगी मिरची, लोणचं, तेही नको. कोकमाचं आगळ तर मीठ घालूनच टिकवतात, हे पटकन लक्षात येत नाही. त्याऐवजी बिनमिठाची आमसुलं आण आणि सार कर, नारळाचं दूध न घालता. आंबटपणा असला की मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही.

आई, तू काळजीपोटी बाबांना नुसती पेज आणि मऊ भात देते आहेस. हे चुकतंय. या वयात आठवडाभर अंथरुणात पडलं की दंडा-मांड्यांचं मांस उतरतं, आणि पेजेने ते भरत नाही. बाबांचं वजन ६२ किलो, म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. सकाळी एक अख्खं अंडं आणि वर एक पांढरं, दहा ग्रॅम. कपभर साय काढलेलं दूध, सहा. दुपारी बांगड्याचे किंवा तारलीचे १०० ग्रॅम तुकडे, जवळजवळ वीस. वाटीभर दही, पाच. चार वाजता मूठभर बिनमिठाचे फुटाणे, सहा. रात्री कुळथाची पिठी, सात. भात-भाकरीतून आठ-दहा येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असेल तेव्हा मुगाची घट्ट उसळ किंवा साल काढलेली कोंबडी. मात्र बाबांचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) वाढलेलं असेल तर हा हिशोब आधी डॉक्टरांना दाखवायचा.

मासा तव्यावर तेलात सोडून नको, कालवणात शिजव. वाटणात ओलं खोबरं चमचाभरच. बाकी दाटपणा भाजलेल्या कांद्याने नि टोमॅटोने येतो. तेल दोघांना मिळून महिन्याला एक लिटर. बाटली फोडशील त्या दिवशी तिच्यावर तारीख लिही, म्हणजे हिशोब बाटलीच दाखवील. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा वापरू नकोस. ताकद यावी म्हणून कोणी डिंकाचे लाडू आणले तर प्रेमाने घे आणि शेजारच्या पोरांना वाट.

बाबा, तीन भरपेट जेवणांऐवजी पाच लहान खाणी घ्या. पोट तट्ट भरलं की पचनासाठी हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. जेवल्यावर तासभर तरी चालायला जाऊ नका. एकादशी सध्या नको. दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या जेवणानंतरच, आणि एकही स्वतःहून बंद करायची नाही. कुंथावं लागू नये म्हणून पालेभाजी, पेरू, पपई रोज. पाणी किती प्यायचं ते डॉक्टर इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहून सांगतील, तोवर मनाने वाढवू नका.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, किंवा पावलं सुजली, की ते पाणी साचलेलं असतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. उताणं झोपल्यावर धाप लागली तर मात्र वाट न बघता थेट दवाखान्यात जायचं.

शनिवारी येते आहे. वजनकाटा आणि मापाचे चमचे आणते. तोवर आगोटीची खरेदी थांबव.

तुमची,
ताई